बेदगेलर्टचे थडगे आणि आपले मुंगूस

गावाच्या नावातच थडगे असावे, त्या थडग्यापाशी उभे राहून दूरदूरच्या माणसांनी हळहळावे, आणि थडग्यात मात्र कोणीच नसावे, अशी अवस्था असलेले एक डोंगरी खेडे वेल्समध्ये आहे. त्या खेड्याची ओळख वाचकांना करून द्यावी आणि त्या निमित्ताने चार शब्द स्वतःच्या मताचेही सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हे गाव मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ग्रंथ, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या द्वारे जो परिचय होतो तेवढाच माझा परिचय. परंतु या गावाचे आपल्याशी असलेले नाते असे विलक्षण आहे, की त्याच्याविषयी लिहिण्याचा थोडा अधिकार आपल्यालाही पोहोचतो असे मला वाटते.

गावाचे नाव बेदगेलर्ट. वेल्श भाषेत ‘बेद’ म्हणजे थडगे. म्हणून बेदगेलर्ट म्हणजे गेलर्टचे थडगे. वेल्सच्या वायव्य भागात एररी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. इंग्रज त्याला स्नोडोनिया म्हणत आले. १९५१ साली या मुलखाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली उद्यानाच्या अधिकारी मंडळाने आपल्या कारभारात ‘एररी’ हेच मूळ नाव वापरण्याचे ठरविले. येथील सर्वांत उंच शिखर १,०८५ मीटरांचे. त्याचे इंग्रजी नाव स्नोडन आणि वेल्श नाव ‘अर विद्वा’. त्याचा अर्थही समाधीचा उंचवटा असाच आहे, आणि लोककथेप्रमाणे तेथे एक राक्षस पुरलेला आहे. या शिखराच्या दक्षिणेच्या खोऱ्यात ग्लासलिन आणि कोल्विन या दोन नद्यांचा संगम होतो. त्या संगमावर दगडी घरांचे आणि दगडी पुलाचे हे लहानसे गाव वसलेले आहे. पश्चिमेला मोएल हेबोगचा डोंगर जणू उशाशी उभा आहे. गावाखाली ग्लासलिन नदी अबेरग्लासलिनच्या अरुंद घळीतून उसळत समुद्राकडे जाते.

निसर्ग एवढा उदार असतानाही येणाऱ्या पाहुण्याची पावले प्रथम नदीकाठच्या एका कुरणाकडे वळतात. तेथे झाडाखाली, कठड्याच्या आत, एक दगड उभा आहे. शेजारच्या पाट्यांवर वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हकीकत कोरली आहे. ती अशी : तेराव्या शतकात उत्तर वेल्सचा राजा लेवेलिन याचा गेलर्ट नावाचा एक इमानी शिकारी कुत्रा होता. एके दिवशी राजा शिकारीला गेला. गेलर्ट मात्र बरोबर आला नाही. राजा परतला तेव्हा कुत्रा रक्ताने माखलेल्या तोंडाने आनंदाने सामोरा आला. राजपुत्राचा पाळणा उपडा, आणि सगळीकडे रक्त. राजाने विचार न करता तलवार कुत्र्याच्या अंगात खुपसली. कुत्र्याच्या शेवटच्या किंकाळीला बाळाच्या रडण्याने उत्तर दिले. बाळ सुखरूप होते, आणि त्याच्याजवळ एक प्रचंड लांडगा मरून पडला होता. राजा त्यानंतर पुन्हा कधी हसला नाही, असे सांगतात.

ही गोष्ट ऐकताच मराठी वाचकाच्या ओठांवर येईल, “अहो, ही तर आमची मुंगसाची गोष्ट!” खरोखरच ती आपली मुंगसाची गोष्ट आहे. बाई पाण्याला गेली, पाळण्याजवळ मुंगूस राखणीला ठेवले, साप आला, मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि बाईला आपला पराक्रम सांगायला दारात धावले. रक्ताळलेले तोंड पाहून बाईने डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकली. आपल्यापैकी कोणी ही गोष्ट आजीकडून ऐकली असेल, कोणी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. संस्कृत पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ती येते, आणि त्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता केलेली कृती. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता थडग्याकडे वळू. ते तेराव्या शतकातील नाही. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. डेव्हिड प्रिचर्ड नावाचा गृहस्थ दक्षिण वेल्समधून येथे आला आणि ‘गोट’ नावाच्या हॉटेलचा चालक झाला. काळ त्याला अनुकूल होता. १७९३ पासून इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलेले; त्यामुळे युरोपच्या प्रवासाला जाण्याची सवय असलेल्या इंग्रज धनिकांना ती वाट बंद झाली. शिवाय ओबडधोबड डोंगर, धबधबे, पडके मठ यांत सौंदर्य पाहण्याची नवी आवड तेव्हा रुजली होती. हे रसिक प्रवासी वेल्सच्या डोंगरांत येऊ लागले. गावाच्या नावात थडगे आहे. मग ते थडगे कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी विचारणे स्वाभाविकच होते. प्रिचर्डने सोबत्यांच्या मदतीने कुरणात दगड आणून रोवला आणि प्रश्नाचे उत्तर तयार झाले. ही हकीकत डी. ई. जेंकिन्स यांनी बेदगेलर्टविषयीच्या आपल्या १८९९ सालच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. म्हणजे आज आपण कोणते गुपित फोडीत आहोत असे मुळीच नाही.

दगडापाठोपाठ कविता आली. विल्यम रॉबर्ट स्पेन्सर याने १८०० साली गेलर्टवर पोवाड्याच्या धाटणीची एक इंग्रजी कविता लिहिली. ती एका वेल्श चालीवर बसविण्याचे काम थोर संगीतकार हायडन याने केले. १८५४ साली जॉर्ज बॉरो हा लेखक वेल्सची पायी यात्रा करताना येथे आला, आणि १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनातही हे थडगे आहे. दगडाने कविता आणली, कवितेने प्रवासी आणले, प्रवाशांनी पुस्तके लिहिली, आणि पुस्तकांनी दगडाला प्रमाणपत्र दिले. खोटी गोष्ट खरी होते ती अशी पायरीपायरीने. त्यातही मौज अशी, की प्रिचर्ड मेल्यावर त्याचे भूत हॉटेलात फिरते अशी वदंता गावात उठली. दंतकथा घडविणारा स्वतःच दंतकथा होऊन बसला!

मग ही गोष्ट वेल्सपर्यंत पोहोचली तरी कशी? हा प्रवास दगडापेक्षा शतपटीने मनोरंजक आहे. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातील बुर्झोय या वैद्याने पंचतंत्रातील कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या. ‘कलीला व दिम्ना’ हे त्या ग्रंथाचे नाव. अरबीतून हिब्रू, हिब्रूतून तेराव्या शतकात लॅटिन, अशी ही वरात चालू राहिली. दुसऱ्या बाजूने ‘सात शहाण्यां’च्या कथामालेतूनही हीच गोष्ट युरोपभर फिरली. युरोपाच्या बहुतेक भागांत मुंगूस नाही. म्हणून मुंगसाचे काम शिकारी कुत्र्याकडे आले. साप मात्र बराच काळ सापच राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘हेरगेस्टचे लाल पुस्तक’ या प्रख्यात वेल्श हस्तलिखितात सात शहाण्यांच्या कथा वेल्श भाषेत आहेत, आणि त्यांत कुत्रा, साप व बालक यांची ही गोष्टही आहे. तेथे लेवेलिन नाही, बेदगेलर्ट नाही आणि लांडगाही नाही. म्हणजे गोष्ट वेल्सला आली ती परदेशी पाहुणी म्हणून. गावकरी ती फार पुढे झाली.

वाटेत तिने आणखी एक मुक्काम केला, तो अधिक बोधप्रद आहे. फ्रान्समध्ये लिऑं शहराजवळच्या खेड्यांत हीच गोष्ट गिनफोर नावाच्या कुत्र्याविषयी सांगत, आणि तेथील स्त्रिया आजारी मुलांना घेऊन त्या कुत्र्याच्या जागी नवस करीत. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बाँ या धर्मोपदेशकाला हे कळले तेव्हा त्याने कुत्र्याचे अवशेष उकरून जाळविले आणि तेथील झाडे तोडविली. तरीही ती श्रद्धा पुढे कित्येक शतके टिकली. एका गोष्टीची दोन ठिकाणी दोन रूपे झाली : एके ठिकाणी तीर्थ, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षणीय स्थळ.

येथवर हकीकत झाली. आता मत. या विषयावर बोलताना सुशिक्षितांत सामान्यतः दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, दगड खोटा आहे, हॉटेलवाल्याची ती युक्ती आहे, ती उखडून टाकावी. दुसरा म्हणतो, तेथे येणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी खरे असते; मग दगड खरा की खोटा याची उठाठेव कशाला? मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

पहिल्या पक्षाला माझे उत्तर असे की दगड उखडण्याने काही साधत नाही. लिऑंजवळ ते करून झाले आहे. शिवाय दोनशेहून अधिक वर्षे उभा असलेला दगड हाही आता इतिहासच आहे, फक्त तो लेवेलिनचा नसून प्रिचर्डचा इतिहास आहे. आणि डोंगरातल्या माणसाने चार पैसे मिळविण्यासाठी एक गोष्ट वापरली म्हणून त्याला फार मोठा गुन्हेगार ठरविण्याचेही कारण नाही. मठ कधीच बंद पडलेला, जमीन खडकाळ. पाहुण्यावर पोट भरणे हा तेथे राजमार्ग होता.

परंतु माझे खरे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. “काय बिघडते?” असे तो विचारतो. बिघडते ते असे की त्या एका कुत्र्याने सारे गाव झाकून टाकले आहे. गावाला ज्याचे नाव मिळाले तो केलर्ट किंवा गेलर्ट हा बहुधा ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळातील एखादा संत असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्याविषयी नावापलीकडे जवळजवळ काहीच उरलेले नाही. हे गावाचे नाव हॉटेलच्या कित्येक शतके आधीपासून चालत आलेले आहे. तरीही नावाचा धनी आता कुत्रा झाला आणि माणूस बेघर झाला. एखाद्या माणसाचे नाव एवढेच जेव्हा जगात शिल्लक असते, तेव्हा तेही दुसऱ्याला देऊन टाकणे हा लहानसा का होईना अन्यायच आहे.

गावातील सेंट मेरीचे चर्च पाहा. तेथे तेराव्या शतकात ऑगस्टीनियन पंथाच्या साधूंचा मठ होता. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने देशातील मठ मोडले तेव्हा तोही गेला. प्रार्थनामंदिराचा भाग राहिला. जवळच्या नानमोरच्या परिसरात पंधराव्या शतकात रीस गोख एररी आणि दाविद नानमोर हे वेल्श कवी होऊन गेले; दोघांनीही आपल्या नावातच तेथील भूमीचे नाव धारण केले आहे. किती पाहुणे त्यांची चौकशी करतात?

गावाच्या ईशान्येला दिनास एम्रिस नावाची गर्द झाडीची टेकडी आहे. नवव्या शतकातील लॅटिन बखरीत व्हॉर्टिगर्न राजाची कथा आहे : राजा किल्ला बांधू पाहतो, पण बांधकाम टिकत नाही, जमिनीखालच्या तळ्यात तांबडा आणि पांढरा असे दोन सर्प झुंजत असतात, आणि अखेर तांबड्याचा जय होतो. हाच तांबडा ड्रॅगन १९५९ सालापासून वेल्सच्या अधिकृत ध्वजावर आहे. १९५०च्या दशकात तेथे उत्खनन झाले तेव्हा पाण्याचे टाके आणि जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. तेथेही दंतकथा आहेच. मात्र तिचे वय किती, ती कोणत्या ग्रंथात प्रथम आली, जमिनीत काय सापडले, हे सांगता येते. म्हणून ती दंतकथा असूनही फसवीत नाही.

सिगनची तांब्याची खाण घ्या. १९०३ साली ती बंद पडली आणि १९८६ साली पाहुण्यांसाठी उघडली. डोंगराच्या पोटात मेणबत्तीच्या उजेडात घण घालणाऱ्या माणसांचा इतिहास तेथे बोगद्यांतून चालत जाऊन पाहता येतो. अबेरग्लासलिनच्या पुलाजवळपर्यंत एके काळी भरतीचे पाणी येत असे. विल्यम मॅडॉक्स याने १८११ साली खाडीवर बांध घातला आणि समुद्र मैलोगणती मागे सरला. अरुंद रुळांची वेल्श हायलँड रेल्वे १९२३ साली या घळीतून धावू लागली, १९३६ साली तिची प्रवासी वाहतूक थांबली, आणि पुढे रूळही उखडले गेले. त्यानंतर हौशी स्वयंसेवकांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाने ती पुन्हा उभी राहिली; २००९ साली गाडी बेदगेलर्टला आली आणि २०११ साली पोर्थमादोगपर्यंत पोहोचली. रेल्वेचे हे पुनरुज्जीवन कोणत्या दंतकथेपेक्षा कमी आहे? १९५८ साली पडद्यावर आलेल्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटासाठी तर येथे चक्क चीनमधले शहर उभारले होते, आणि इंग्रिड बर्गमन त्या ‘चीन’मध्ये वावरली होती. पण तो देखावा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. देखाव्याला देखावा म्हटले की त्याची गंमत कमी होत नाही.

आणि सर्वांत मोठे जिवंत आकर्षण म्हणजे तेथील भाषा. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे सगळ्या वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे शेकडा १७.८ होते, बेदगेलर्ट ज्या ग्विनेद परगण्यात आहे तेथे हेच प्रमाण शेकडा ६४.४ होते. शेजारी इंग्रजीसारखी बलाढ्य भाषा असताना ज्या डोंगरांनी आपली बोली जपली त्यांच्याकडे जाऊन केवळ कुत्र्यासाठी हळहळून परतावे, ही पाहुण्याची हानी आहे.

येथे आपल्यातील कोणी छाती फुगवून म्हणेल, “पाहा, गोष्ट आमची होती, त्यांनी ती चोरली!” या मोहापासूनही मी विद्यार्थी मित्रांना सावध करू इच्छितो. १८५९ साली बेन्फाय या जर्मन पंडिताने पंचतंत्राचा अनुवाद करून कथांच्या या प्रवासाचा माग दाखविला, आणि जोसेफ जेकब्ज याने १८९२ साली गेलर्टची कथा आपल्या केल्टिक कथासंग्रहात घालताना तिचे भारतीय मूळ टिपांतून मांडले. म्हणजे हे ऋण त्यांनी आपल्या आधी जाहीरपणे मान्य केले आहे. शिवाय ‘आपली’ म्हणजे नेमकी कोणाची? पंचतंत्र अकराव्या शतकात दुर्गसिंहाने कन्नडात आणले. या अंकाची काही पाने उलटली की ज्या भाषेचा विभाग सुरू होतो ती ही भाषा. आमच्या आजीने मुंगसाची गोष्ट मराठीत सांगितली, शेजारच्या घरातील अज्जीने ती कन्नडात सांगितली असेल. यांपैकी मूळ मालकीण कोण, हा वाद घालायला बसलो तर आपणही एक दगड रोवल्यासारखेच होईल. पंचतंत्रकाराने मुंगसाला गाव दिले नाही, थडगे दिले नाही, म्हणून तर ते इराणच्या दरबारापासून वेल्सच्या डोंगरापर्यंत मोकळे फिरू शकले. गोष्ट सर्वांची असते. दगड मात्र एका जागचा असतो, आणि दगड आला की कुंपण येते. कुंपण आले की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न येतो. कुत्र्याच्या थडग्यापाशी माणसे फक्त डोळे पुसतात, हे ठीक आहे. परंतु ‘दगड आहे म्हणजे घटना घडलीच’ असे मानण्याची सवय एकदा मनाला लागली, की ती कुत्र्यापाशी थांबत नाही. राजे, संत, देव आणि गावांच्या सीमा यांच्यावरही आपण त्याच सवयीने बोलू लागतो, आणि तेथे डोळे पुसून भागत नाही.

म्हणून माझे मत असे : दगड राहू द्यावा, हकीकतीच्या पाट्याही राहू द्याव्यात. त्यांच्या शेजारी आणखी एक पाटी असावी, तीही दोन्ही भाषांत. हा दगड कोणी आणि का रोवला, केलर्ट कोण असावा आणि ही गोष्ट कोणकोणत्या देशांतून चालत येथे आली, हे तीवर लिहावे. माझी खात्री आहे की अशी पाटी वाचून एकही पाहुणा कमी होणार नाही. उलट ज्याच्या डोळ्यांत पाणी आले त्याच्या मनात आश्चर्यही येईल, आणि तो चर्चकडे, टेकडीकडे, खाणीकडे चार पावले अधिक चालेल.

राजाने रक्त पाहिले आणि पाळणा उचलून पाहिला नाही, हा त्याचा अपराध. आपण दगड पाहतो आणि त्याचे वय विचारीत नाही. अपरीक्षितकारकाची गोष्ट शतकानुशतके सांगत आलेल्या जगाने त्या गोष्टीचेच थडगे न पारखता स्वीकारावे, यापरता विरोधाभास तो कोणता? विद्यार्थी मित्रहो, गोष्टीवर मनापासून प्रेम करा, पण कोणी दगड दाखविला तर त्याला नम्रपणे एवढे अवश्य विचारा : “हा येथे कधीपासून आहे, आणि कोणी ठेवला?”